‘ते सीतेचं हाय’ : सासुरवासाची ओवी वाचताना

मुलाखत छान झाली म्हणून खुशीत घरी यायचं आणि रेकॉर्डिंग ऐकताना कळायचं की आपला प्रश्नच चुकला होता. फील्डवर्कमध्ये हे तुमचंही होणार. माझं झालं ते अंबड तालुक्यात, माझ्याच मावशीच्या ओसरीवर. तिने सीतेच्या वनवासाची ओवी म्हटली आणि मी लगेच विचारलं, ‘‘मावशी, हे तुझंच ना गं?’’

‘‘ते सीतेचं हाय माय. माझं न्हाई.’’ एवढं बोलून ती चहा टाकायला उठली.

तिने किती मार खाल्लाय हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मग ती असं का म्हणाली?

उत्तर शोधताना मी शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ओव्यांकडे वळले. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचं गाणं गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात १९९६ साली ध्वनिमुद्रित झालं. लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह २०१७पासून ‘पारी’च्या वेबसाइटवर टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होतोय. गंगूबाईंना नवऱ्याचं घर सोडावं लागलं होतं. त्या गातात ते मात्र रानात रडणाऱ्या सीतेचं.

हे गाणं ऐकून ‘भारतीय स्त्रीचा सोशिकपणा’ असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. मीही पहिल्या मसुद्यात तेच लिहिलं होतं. पण नीट ऐका. सीतेचं रडणं ऐकायला तिथे राम नाही. ऐकतात, समजूत घालतात त्या बोरी-बाभळी. मराठवाड्यातल्या कुठल्याही बांधावर दिसणारी ही काटेरी झाडं. कुणी हौसेने लावत नाही, पाणी घालत नाही, तरी उभी असतात. ओवीने त्यांना बायका केलंय. म्हणजे ही बाई न्याय मागायला नवऱ्याच्या दारात जात नाही. ती आपला ऐकणारा बदलते. मला या गाण्यातला चिवटपणा इथे दिसतो. निमूट सोसणारी बाई गात नाही.

दुसरी गोष्ट पुराव्याची. ओवी म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे. सीतेच्या ओव्या गावोगावच्या बायका म्हणत आल्यात. सुखात नांदलेल्याही म्हणतात. गायिकेचं चरित्र शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवत बसलो, तर गाणं नुसती केस-हिस्टरी होतं. उलट चरित्र अजिबात पाहिलं नाही, तर एखादीला हजार ओव्यांतून हीच का आठवली, हा प्रश्नच हातातून जातो. दोन्ही धरून ठेवावं लागतं. त्रासदायक आहे, पण इलाज नाही.

महिन्याभराने मी मावशीकडे परत गेले. या वेळी विचारलं, ‘‘ही ओवी म्हणताना जात्यावर समोर कोण असायचं?’’ मग ती तासभर बोलली. समोर सासू असली की देवाच्या आणि भावाच्या ओव्या. जाऊ असली की सीतेची. पहिली ओळ मावशीची, दुसरी जाऊ उचलायची. खुंटा एकच, हात दोघींचे. जावेने कधी काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. पुढे गावात पिठाची गिरणी आली, दळण सुटलं. ‘‘कष्ट वाचले, चांगलंच झालं,’’ ती म्हणाली. ‘‘पर मंग बोलायचं कुठं?’’

म्हणून संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हाला एवढंच सांगेन : ‘हे तुझं आहे का?’ हा प्रश्न टाळा. कुणासमोर गायचीस, कुणासमोर नाही, ते विचारा. आणि बाईने सीतेचा पदर ओढून घेतला असेल, तर तो आपण ओढून काढू नये. जिचं दुःख, तिला अजून त्याच गावात, त्याच माणसांत राहायचंय.

माझ्या प्रबंधात ही ओवी सीतेची म्हणूनच जाईल. मावशीचं नाव त्यात नसेल.