टक्केवारीतली चोरी

दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त तीन अध्याय 'हरण' या विषयाला दिले आहेत. दुसऱ्याचे शब्द उचलणे आणि दुसऱ्याचा अर्थ उचलणे या गोष्टी तो वेगळ्या धरतो. अर्थाच्या बाबतीत तो साम्याचे चार प्रकार सांगतो. अर्थ तोच, फक्त शब्दरचना बदललेली, तो 'प्रतिबिंबकल्प'. थोडा संस्कार करून जुनी वस्तू निराळी भासवली, तो 'आलेख्यप्रख्य'. विषय निराळा असून विलक्षण सारखेपणा वाटतो, तो 'तुल्यदेहितुल्य'. मूळ एक, पण मांडणी सर्वस्वी नवी, तो 'परपुरप्रवेशसदृश'. यातला पहिला त्याने टाकाऊ ठरवला आहे. कवी आणि व्यापारी यांच्यात चोर नसलेला कोणी नाही, ज्याला लपवता येते तो भरभराटीला येतो, असेही तो मिश्कीलपणे सांगून जातो. त्याच्याआधी आनंदवर्धनानेही 'ध्वन्यालोका'च्या अखेरीस साम्याची अशीच प्रतवारी केली होती.

हे आज आठवण्याचे कारण म्हणजे आपल्या विद्यापीठांत शिकवला जाणारा प्रामाणिकपणा. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्याला आळा घालणारे नियम केले आणि 2019 च्या अखेरीस 'संशोधन आणि प्रकाशन नीती' हा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना सक्तीचा केला. दोन्हींमागचा हेतू चांगला आहे. 2018 पूर्वी चोरी कशाला म्हणायचे आणि तिला शिक्षा काय, याबद्दल देशभर लागू होणारी एकसारखी चौकट नव्हती. आकडा ठरल्यामुळे एक फायदाही झाला. गरीब घरच्या, ओळख नसलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध केवळ कोणाच्या मर्जीवरून चोरीचा ठरवता येणार नाही, एवढी सोय झाली. हे मान्य करूनच पुढची टीका करतो.

नियमांनुसार साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. 40 ते 60 टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. 60 च्या वर गेले तर नोंदणी रद्द. साम्य कशात आहे, याला या उतरंडीत जागा नाही. प्रबंधाचा गाभा, म्हणजे गृहीतक, निरीक्षणे, निष्कर्ष, यांत अजिबात सूट नसावी, अशी तरतूद आधीच्या मसुद्यात होती. अंतिम नियमांतही या भागांत साम्य नसावे असे म्हटले आहे, पण दंडाच्या पायऱ्यांत त्यासाठी वेगळी तरतूद उरली नाही. त्यामुळे प्रास्ताविकातली नऊ टक्के उचल आणि निष्कर्षातली नऊ टक्के उचल एकाच मापाने मोजली जाते. राजशेखराला हे पटले नसते. त्याची मोजपट्टी 'किती' अशी नव्हती, 'कोणत्या जातीचे' अशी होती.

त्याहून गंभीर बाब अशी की, ज्या प्रकाराला त्याने सर्वांत खालचे ठरवले, तोच यंत्राच्या चाळणीतून बिनबोभाट खाली उतरतो. यंत्र शब्द जुळवून पाहते. अर्थ तोच ठेवून शब्द बदलले की टक्केवारी उतरते. 'साम्य कमी करून मिळेल' अशी सेवा बाजारात मिळते, ती याच जोरावर. विद्यार्थी या व्यवहारातून जे शिकतो, ते नियमांनी शिकवू पाहिलेल्या गोष्टीच्या नेमके उलट असते. चोरी टाळायची नसून ती नीट घासूनपुसून ठेवायची असते, असा धडा त्याला मिळतो.

मराठीपुरते तर हे यंत्र अर्धे आंधळेच आहे. अनेक जुने मराठी प्रबंध श्रीलिपीसारख्या टंकांत जुळवलेले किंवा छायाप्रतीच्या रूपात आहेत. 'शोधगंगे'वर ते माणसाला वाचता येतात, पण यंत्राला त्यातली अक्षरे कळत नाहीत. इंग्रजी किंवा हिंदी ग्रंथातून मराठीत उतरवलेले पान बहुधा पकडले जात नाही. नियमांत आणखी एक सवलत आहे. सर्वसामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य मोजणीतून वगळायचे. इंग्रजी वाक्याला हे ठीक असेल. पण मराठी शब्द विभक्तीप्रत्यय पोटात घेऊन चालतो, त्यामुळे चौदा शब्दांत आपल्याकडे बरेच काही मावते. 'ज्ञानेश्वरी'तल्या अनेक ओव्या चौदा शब्दांच्या आत संपतात. एका ओवीएवढा विचार मोजणीबाहेर राहू शकतो, याची दखल मराठी विभागांनी तरी घ्यायला हवी होती.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. त्यात सहा घटक आहेत. तत्त्वज्ञान व नीती आणि वैज्ञानिक आचरण या पहिल्या दोन घटकांना मिळून आठ तास. विदागारे आणि संशोधनमापन या एकट्या शेवटच्या घटकाला सात तास. म्हणजे खोटे का बोलू नये यावर जितका वेळ, जवळजवळ तितकाच वेळ उद्धरणांचा निर्देशांक कसा काढतात यावर. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यातले सत्तेचे नाते हा स्वतंत्र घटक नाही. प्रत्यक्षात बहुतेक तडजोडी त्याच नात्यात होतात.

शिवाय ज्या व्यवस्थेने मोजणी शिकवली, तिनेच मोजणीचा बाजार उभा केला. 2009 च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापणे सक्तीचे केले. 2010 पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांचे गुण धरले जाऊ लागले. मागणी तयार झाल्यावर पुरवठा आलाच. मे 2018 मध्ये आयोगाला आपल्याच यादीतून 4,305 नियतकालिके काढून टाकावी लागली. त्यानंतर 'केअर' यादी आली, तीही फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. पीएच.डी.साठीची छपाईची सक्ती 2022 च्या नियमांनी आधीच उठवली होती. तेरा वर्षे जे पात्रतेचे माप होते, ते गेले. त्या मापाने तयार झालेले निबंध आणि त्या सवयी मात्र जागेवर आहेत.

इथे माझीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेखच अप्रामाणिक होईल. मी विद्यापीठाच्या चौकटीबाहेरचा माणूस. उचगावहून शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जाऊन जे वाचले, तेवढीच माझी शिदोरी. तिशीत असताना एका परिचिताला एम.फिल.च्या प्रबंधिकेची दोन प्रकरणे मी पैसे घेऊन लिहून दिली. त्या वर्षी घरात अडचण होती. तरी चूक माझीच. ते लेखन अस्सल होते, संदर्भ चोख होते. आजच्या यंत्रात घातले तर साम्य शून्याच्या जवळ येईल. ते गृहस्थ पुढे अध्यापक झाले. त्यांच्या वर्गात बसलेल्या मुलांना संशोधन शिकवणाऱ्याने स्वतः संशोधन केलेले नव्हते आणि त्या फसवणुकीत माझा वाटा आहे. सर्वांत मोठी चोरी टक्केवारीत दिसतच नाही, हे मला पुस्तकातून कळलेले नाही.

मग शिकवायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे आपल्या मातीतली प्रकरणे. मुलीच्या एम.डी. परीक्षेच्या गुणांतील फेरफाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना मार्च 1986 मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ते निकाल वर्गात वाचावेत. कोणी काय केले एवढ्यासाठी नाही, तर परीक्षक, विद्यापीठ आणि सत्ता यांच्यामध्ये कोण कुठे 'नाही' म्हणू शकला असता, हे विद्यार्थ्याने शोधण्यासाठी.

दुसरी गोष्ट, 'शोधगंगे'वरचे एकाच विषयाचे तीन प्रबंध विद्यार्थ्याला द्यावेत आणि त्यांतले साम्य राजशेखराच्या चार प्रकारांत बसवायला सांगावे. तीस तासांत एवढे एक काम झाले तरी पुष्कळ.

तिसरी गोष्ट मौखिक परीक्षेची. नियमांप्रमाणे ती खुली असते. मी बसलो त्या बहुतेक वेळी मात्र प्रश्नांपेक्षा हारतुऱ्यांना अधिक वेळ गेला. वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, तेव्हा त्यांच्यामागे कोणतेही विद्यापीठ नव्हते. मिळालेला कागद जसाच्या तसा लोकांपुढे ठेवायचा आणि मग बोलायचे, हा त्या कामाचा पाया होता. परीक्षकाने प्रबंधातले कोणतेही एक पान उघडावे आणि विचारावे, "हे तुम्हाला कुठे सापडले?" ज्याने स्वतः शोधले आहे, त्याला या प्रश्नावर थांबवावे लागते, इतके सांगायचे असते. माझ्या त्या परिचिताला कोणी हे विचारले असते, तर त्यांना उत्तर देता आले नसते. कोणी विचारले नाही.