चिपट्यूनमधील अस्सलपणा : नाद की मर्यादा?

प्रस्तावना

जुन्या व्हिडिओ गेममधील संगीताचा नाद आधुनिक सिंथेसायझर व संगणकप्रणाली यांच्या साह्याने पुन्हा घडविण्याचा प्रयत्न जगभर होत असतो. या प्रकारास चिपट्यून असे म्हणतात. आंबिवलीसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यालाही घरच्या साध्या संगणकावर तो करता येतो. २००५ साली आलेली फॅमिट्रॅकर ही प्रणाली विनामूल्य आहे. मात्र अशा रचनेस अस्सल केव्हा म्हणावे, हा समीक्षेचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

चिपची घडण

निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम यंत्रातील चिपमध्ये पाचच ध्वनिमार्ग होते : दोन चौकोनी तरंगांचे, एक त्रिकोणी तरंगाचा, एक गोंगाटाचा व एक मुद्रित नमुन्यांचा. चौकोनी तरंगाला आवाजाच्या १६ पायऱ्या होत्या. त्रिकोणी तरंगाचा आवाज लहानमोठा करण्याची सोयच नव्हती. अनेक स्वर एकाच वेळी वाजविण्यास मार्ग पुरत नसत. म्हणून रचनाकार ते स्वर एकाच मार्गावर अतिशय वेगाने आलटूनपालटून वाजवीत. तो थरथरता झंकार पुढे या संगीताची ओळख ठरला. आज जी शैली वाटते ती मुळात टंचाईतून जन्मली, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

आजच्या अनेक प्रणाली ‘आठ-बिट’ या नावाखाली आवाज मुद्दाम खरखरीत करतात. वस्तुतः आठ बिट हे वर्णन यंत्राच्या प्रक्रियकाचे आहे, ध्वनीच्या दर्जाचे नव्हे. खरखर उसनी घेऊन तिच्याखाली वीस मार्ग वाजविले, तर उरतो तो केवळ वेश.

रागाची कसोटी

याची खरी परीक्षा रागसंगीतात होते. या चिपमध्ये स्वरांची उंची ठराविक पायऱ्यांनीच बदलते. ४४० हर्ट्झच्या आसपास एक पायरी सुमारे ७ सेंटची असते. ८८० जवळ ती १४ सेंट आणि १७६० जवळ २७ सेंट होते. आपली प्रमाणश्रुती सुमारे २२ सेंटची. अर्थात अतिउंच स्वरांत हे यंत्र एका श्रुतीइतकाही फरक नेमका दाखवू शकत नाही आणि तेथील मींड जिन्यासारखी ऐकू येते. आधुनिक सिंथेसायझर तीच मींड गुळगुळीत करून देतो. रागाच्या दृष्टीने ते इष्ट असेल. चिपच्या दृष्टीने मात्र ते असत्य होय. रचनाकाराला येथे निवड करावीच लागते : मींड मंद्र-मध्य सप्तकांत ठेवावी, की जिना हाच अलंकार मानावा?

चरणजित सिंह यांचे उदाहरण

मुंबईचे वादक चरणजित सिंह यांनी १९८२ साली भैरवी, ललित, यमन, मालकंस आदी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. रोलँडचे ज्युपिटर-८, टीबी-३०३ व टीआर-८०८ ही त्यांची साधने होती. ती चिपट्यून नव्हे. पण प्रश्न तोच आहे. टीबी-३०३ हे यंत्र बास गिटारला पर्याय म्हणून बनविले गेले होते. त्यातील स्वरावरून स्वरावर सरकण्याची सोय रागाला जवळची ठरली. २०१० मध्ये ही तबकडी पुन्हा प्रकाशित झाल्यावर बरीच चर्चा, शिकागोच्या ॲसिड हाउसच्या आधी हे कसे झाले, याभोवतीच फिरली. सिंह जुना नाद शोधत नव्हते. हाती आलेल्या नव्या यंत्राकडून रागाचे काम करून घेत होते. त्यांचे श्रेय अग्रक्रमापेक्षा या व्यवहारात अधिक आहे.

कोणाचा अस्सलपणा?

आणखी एक मुद्दा दुर्लक्षिला जातो. १९९० च्या दशकात आपल्याकडील अनेक घरांत जे यंत्र आले ते मूळ नव्हे, तर त्याची नक्कल होती. अशा काही नकली चिपांत चौकोनी तरंगाच्या दोन रूपांची, २५ व ५० टक्क्यांची, अदलाबदल झालेली असे. परिणामी तीच धून निराळ्या पोताची ऐकू येई. त्या पिढीच्या कानांना जपानी मूळ नादच परका वाटणे शक्य आहे. तिच्या स्मृतीला खोटे म्हणता येणार नाही.

निष्कर्ष

सारांश, अस्सलपणा विकतच्या प्रणालीत नसतो आणि केवळ नादसाम्यातही नसतो. कोणत्या यंत्राची मर्यादा आपण स्वीकारली, हे रचनाकाराने आधी ठरवावे व शेवटपर्यंत पाळावे. पाच मार्गांत जे मावत नाही ते सोडण्याचे धैर्य ज्या रचनेत दिसते, तीच समीक्षकाने अस्सल मानावी.