घंटा, पाऊस आणि तीन स्वर

पावसाची संततधार, दूरवर गडगडाट आणि त्यातून सावकाश वाजणारी चर्चची घंटा. आपल्यापैकी ज्यांनी मरणघंटा ऐकली आहे त्यांच्या मनात ‘कोण गेले?’ हा प्रश्न आपसूकच उमटावा. तोच गिटारचे तीन स्वर कोसळतात. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सबाथ’ या वाद्यवृंदाची त्याच नावाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली, तिचा हा प्रारंभ. ‘डूम मेटल’ नावाच्या संथ, जड आणि गूढविद्येच्या छायेत वावरणाऱ्या संगीताचे मूळ येथेच आहे. पुतण्याच्या खोलीतून ते प्रथम कानी आले तेव्हा मी त्याला ते बंद करायला लावले होते. पुढे कुतूहलाने स्वतःच ऐकत बसलो.

ते तीन स्वर आपल्या परिभाषेत सांगायचे तर खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि तेथून उतरून तीव्र मध्यम. षड्ज व तीव्र मध्यम यांतील अंतराला युरोपात अठराव्या शतकाच्या आरंभापासून ‘संगीतातील सैतान’ असे नाव मिळाले. ख्रिस्तसभेने त्यावर बंदी घातली होती, ही आवडीने सांगितली जाणारी कथा मात्र निराधार आहे. गायला अवघड व कानाला कठोर म्हणून जुने शास्त्रकार ते टाळीत, इतकेच. आपल्या यमनातला तीव्र मध्यम किती प्रसन्न वाटतो! तेथे तो पंचमाकडे नेतो; येथे त्याला कुठेच विसावू दिलेले नाही. भीती उपजते ती या अधांतरी मांडणीतून.

नादाच्या जडपणामागे एक कारखाना आहे. वादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असता त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. तो डावखुरा; म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या बोटांवर चढवून तो पुन्हा वाजवू लागला. १९७१ च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत त्याने तारा दीड स्वराने उतरवल्या. सैल तारा दाबायला सोप्या, आणि नाद अधिक घनगंभीर.

शब्दांचा विचार करता, त्या पहिल्या गीतातला माणूस सैतानाला आळवीत नाही. काळी आकृती समोर पाहून तो देवाचा धावा करतो. बास वाजवणारा व पुढे बहुतेक गीते लिहिणारा गीझर बटलर आयरिश कॅथलिक घरातला, हे येथे आठवावे. ऑझी ऑस्बर्नच्या पातळ, रडवेल्या आवाजात अभिनयाचा लवलेश नाही. वेष्टणाच्या आतला उलटा क्रूस ही प्रकाशक कंपनीची करामत. वादकांना तिची कल्पनाही नव्हती.

या परंपरेत पुढे आलेल्यांविषयी माझे मत इतके उदार नाही. ‘इलेक्ट्रिक विझर्ड’ची २००० सालची ‘डोपथ्रोन’ ऐकताना आवाज धुरात बुडतो, वजन वाढते. पण घाबरलेले कोणीच सापडत नाही. सैतान तेथे भिंतीवरच्या चित्राइतकाच उरतो. याउलट शिकागोच्या ‘ट्रबल’ने १९८४ च्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत असाच जड नाद बायबलच्या आशयाला जोडला आणि तो कुठेही उपरा वाटला नाही.

ऑझी २२ जुलै २०२५ रोजी निवर्तला. त्या रात्री पुतण्याने ती मुद्रिका लावली. घंटा वाजू लागली तेव्हा या वेळी मी काही बोललो नाही.