बारावीचा मालकंस

बारावीच्या परीक्षेआधी माझी भाची अभ्यासाला आमच्याकडे कोल्हापूरला येऊन राहिली होती. तिने संगीत हा विषय घेतला म्हणून घरात आधीच दोन तट पडलेले. तिचे वडील म्हणत, गाणे घरी शिकावे, परीक्षेला घेऊ नये. मी भाचीच्या बाजूचा.

एका रात्री ती पाठ करीत होती : मालकंस, थाट भैरवी, जाती औडव-औडव, वर्ज्य ऋषभ-पंचम, वादी मध्यम, संवादी षड्ज, समय रात्रीचा तिसरा प्रहर. पाढे म्हणावेत तसे, एका दमात. मला राहवले नाही. किशोरी आमोणकरांचा संपूर्ण मालकंस लावला. काही वेळ ऐकून ती म्हणाली, "मामा, हे चुकलंय. पंचम लागला यात."

तिचे कान पक्के होते, हे आधी कबूल करतो. पण चूक म्हणाली ती वहीच्या बळावर. संपूर्ण मालकंसात ऋषभ आणि पंचम दोन्ही येतात, आणि मालकंस पुसला जात नाही. हे कसे साधते, हा खरा अभ्यासाचा प्रश्न. ज्या जयपूर घराण्याने हा राग जपला, त्याचे अध्वर्यू अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या पदरी याच गावात होते. भाचीच्या वहीत त्यांच्यावर दहा ओळींची टीप होती : जन्म १८५५, मृत्यू १९४६, शिष्या केसरबाई आणि मोगूबाई. आमलेट्याच्या दरबारी गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला आणि मग त्या बसलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली, हे त्या दहा ओळींत नव्हते. माझ्या मते इतिहास तिथेच आहे, बाकी सनावळी.

याचा दोष भातखंड्यांच्या माथी मारण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. मला ती पटत नाही. त्यांनी राग लिहून ठेवले नसते आणि पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला विद्यालय काढले नसते, तर माझ्या भाचीसारख्या, घरात गाणे नसलेल्या मुलीला हा दरवाजा उघडलाच नसता. राग ओळखायची खूण म्हणून त्यांचे वर्णन उत्तमच आहे. खुणेलाच गाव समजणारे आपण.

त्यात २०१७ पासून दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागले. क्लासातली गर्दी वाढली म्हणतात. ऐकणारी वाढली का, ते कोणी सांगत नाही. प्रात्यक्षिकात चार स्वर गाऊन राग ओळखायला सांगतात, हे खरे. पण ओळखणे म्हणजे दारावरची पाटी वाचणे. आत कोण राहते, ते निराळे. मुलांना दहा मिनिटे एक ध्वनिमुद्रण ऐकवावे आणि विचारावे : गवई समेवर कसा आला? कुठल्या स्वरावर रेंगाळला? तुम्हाला कुठे धक्का बसला? तपासायला अवघड, हे मान्य. पण निबंध तपासतोच की आपण! या गावात १८८३ पासून देवल क्लब आहे. तिथल्या कितीतरी जाणत्या श्रोत्यांनी परीक्षा कसली दिली असेल? ते ऐकून शिकले. मल्लिकार्जुन मन्सूर तर ध्वनिमुद्रिका निघालेल्या, नाव झालेले गवई असूनही मंजीखाँ आणि पुढे भूर्जीखाँ यांच्यापुढे नव्याने विद्यार्थी होऊन बसले.

दुसऱ्या रात्री भाचीने आपणहून तेच ध्वनिमुद्रण लावले. मी आतल्या खोलीत होतो. पंचम आला की ती थांबवी, मागे नेई, पुन्हा ऐके. असे सात-आठ वेळा झाले. मग हलक्या आवाजात स्वतः लावून पाहू लागली. लागेना. वडिलांचा फोन आला तेव्हा, "अभ्यास चाललाय" एवढेच म्हणाली.

पेपरात मात्र तिने 'वर्ज्य ऋषभ-पंचम' असेच लिहिले. मीच तसे लिहायला सांगितले होते.