‘उठला आणि चालू लागला’

आपल्या कथा-नाटकांना पांगळा माणूस लागतो तो बहुधा शेवटच्या अंकासाठी. आधी त्याला खाटेवर निजवायचे आणि पडदा पडायच्या आत, मुलाची किंकाळी ऐकून किंवा देवळातली घंटा घुमताच, ताडकन उभे करायचे. हिंदी सिनेमाने तर ही युक्ती घासून गुळगुळीत केली आहे. तिच्यावर माझा आक्षेप कलेच्या दृष्टीने आहेच. पण त्याहून मोठा आक्षेप घरातला आहे.

निंबोल्यात आपण घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारी माणसे. अर्धांगवायूला आपण ‘लकवा’च म्हणतो. लकवा झाला की नीमचकडची भादवा माता, राजस्थानातले बुटाटी धाम ही नावे निघतात. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या थोरल्या बंधूंना लकवा झाला तेव्हा भेटीला येणारा प्रत्येकजण एकच विचारी, “चालू लागले का?” ते डाव्या हाताने आपले आपण जेवू लागले होते, सदऱ्याची गुंडी लावू लागले होते. त्याची नोंद कोणी घेत नसे. शेवटच्या अंकाने आपल्या हाती दिलेली मोजपट्टी ती हीच.

वास्तविक लकव्यानंतर मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. शाबूत राहिलेला भाग त्याचे काम शिकतो, आणि शिकतो तो तीच हालचाल शेकडो वेळा केल्याने. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते. पुढेही होते, पण सावकाश. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा झाली तर त्यातले किती धागे वाचले यावर चालणे पुष्कळसे अवलंबून असते. तिथे ‘जिद्द कमी पडली’ म्हणणे हा रोग्यावर अन्यायच.

या पार्श्वभूमीवर नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मला महत्त्वाचे वाटते. ऐन उमेदीत त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले आणि चालणे परत आले नाही. चाकाच्या खुर्चीवरूनच उद्योग सांभाळणारे बाबूकाका दिवाण भेटले आणि आयुष्याला वळण लागले. पुढे शिक्षण, अबकारी खात्यातली नोकरी, १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था. संस्थेविषयी लिहिताना निवेदन क्वचित अहवालाकडे झुकते, हे मान्य. परंतु पुस्तकाचे नावच पाहा. त्यात ना आकांत, ना चमत्कार. रोजच्या वापराची एक वस्तू. पुनर्वसन म्हणजे पाय परत मिळणे नव्हे, दिवस परत मिळणे, हे त्या दोन शब्दांत आले आहे.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचे. १९६५च्या युद्धात कण्यात गोळी लागून ते कमरेखाली लुळे झाले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. त्यांच्यावरील ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) हा हिंदी चित्रपट शेवटी खोटा चमत्कार घडवीत नाही, याबद्दल दिग्दर्शक कबीर खान यांचे कौतुक. तरीही त्याचा सारा जीव पदकात गुंतलेला आहे. पदकाआधीचे कंटाळवाणे, घामाचे दिवस त्याला भराभर ओलांडायचे असतात. जानेवारी २०२५मध्ये अर्जुन पुरस्कार घ्यायला ऐंशीच्या घरातले पेटकर कुबड्यांच्या आधाराने स्वतः चालत पुढे गेले. त्या चार पावलांमागची वर्षे हा खरा कथाविषय होता.

पात्राला शेवटी उभे करावे की नाही, हे लेखकाने ठरवावे. पण उभे करायचेच असेल तर आधी त्याला खाटेच्या कडेला पाय सोडून बसू द्या; बायकोच्या खांद्यावर भार टाकून तोल सावरू द्या; दारापर्यंत जाऊन दमून परतू द्या. नाट्य तिथेही आहे. आणि वाचकहो, अशा घरी भेटीला गेलात तर “चालू लागले का?” असे विचारू नका. “आज काय केलेत?” असे विचारा. उत्तर ऐकायला मात्र थोडे बसावे लागेल.