व्यायाम, हृदयरोग आणि एक आत्मकथन

मराठींत व्यायामावर जें वाङ्मय आहे तें बहुतेक निरोग्यांसाठीं लिहिलेलें आहे, आणि रोगावर जें आहे तें बहुतेक पथ्य व विश्रांति यांपलीकडे जात नाहीं. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा हिरिरीनें प्रसार केला. आखाड्यांनीं जोर-बैठकांची गणती शिकविली. परंतु ज्याच्या हृदयास एकदां धक्का बसला त्यानें अंथरुणावरून उठून पहिलें पाऊल कोणतें टाकावें, हें या परंपरेनें फारसें सांगितलें नाहीं. डॉ. अभय बंग यांचें ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ (राजहंस प्रकाशन, २०००) हें पुस्तक या रिकाम्या जागेंत उभें आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे पुन्हां वळावेंसें आम्हांस वाटलें.

लेखक स्वतः वैद्यकाचे पंडित. गडचिरोलीसारख्या दूरच्या मुलुखांत पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह लोकांच्या आरोग्यासाठीं झटणाऱ्या या गृहस्थांस ऐन उमेदींत हृदयविकारानें गांठलें, आणि वैद्य रोगी झाला. पुढें आहार, चालणें, योगासनें, ध्यान व मनाचा शोध या मार्गानें ते कसे सांवरले, याची ही हकीकत आहे. या मार्गामागें अमेरिकेंतील डॉ. डीन ऑर्निश यांचे प्रयोग आहेत. त्यांचें फळ १९९० सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकपत्रांत प्रसिद्ध झालें होतें. मात्र ते रोगी थोडे होते, आणि आहार, व्यायाम व मनःशांति हे सारे उपाय एकदमच केलेले होते. तेव्हां गुण कशाचा किती, हें त्यावरून वेगळें काढतां येत नाहीं. एका माणसाच्या अनुभवांत तर तें त्याहून कठीण. वाचक मात्र मथळ्यांतील ‘साक्षात्कारी’ या शब्दावर लुब्ध होतो. (तो शब्द आम्हांस किंचित् जड वाटतो.) साक्षात्कार एका रात्रींत होऊं शकेल, दुबळ्या झालेल्या देहाची चालण्याची शक्ति तशी येत नाहीं.

या रोगांत हालचालीची भीति जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा रोग्यास कित्येक आठवडे पडून ठेवीत. १९५२ च्या सुमारास बोस्टनचे डॉ. लेव्हाइन व डॉ. लाऊन यांनीं रोग्यांस लवकर खुर्चींत बसविण्याचें धाडस केलें, आणि १९५५ सालीं राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या आजारांत डॉ. पॉल व्हाइट यांनीं बेताच्या हालचालीचा पुरस्कार केला. त्यापूर्वीं फार आधीं, १८०२ च्या आपल्या ग्रंथांत, हेबर्डन या इंग्रज वैद्यानें रोज अर्धा तास लांकूड कापून छातीच्या दुखण्यांतून जवळजवळ बऱ्या झालेल्या एका रोग्याची नोंद केली आहे. आमच्या घरांत अजूनही “जिना चढूं नका, बादली उचलूं नका” असें म्हणून मायेचीं माणसें रोग्यास जखडून ठेवतात. त्यालाही छातींतली प्रत्येक कळ शेवटची वाटते. ही भीति खुद्द एका डॉक्टरासही सोडीत नाहीं, हें उघड सांगणें हें आम्हांस या पुस्तकाचें सर्वांत मोठें मोल वाटतें.

पण हें पुस्तक मुरबाड तालुक्यांतील म्हसा गांवीं नेलें तर? पौष पौर्णिमेस तेथें खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, मोठा बैलबाजार लागतो. तेथील पन्नाशीच्या शेतकऱ्यास मधुमेह किंवा हृदयरोग निघाला आणि “व्यायाम करा” असें सांगितलें, तर तो हंसेल. आयुष्यभर दुसरें केलें काय? त्याचें हंसणें अर्धेंच बरोबर आहे. भातशेतीचें काम वर्षभर सारखें नसतें. पीक निघाल्यावर कांहीं महिने देह सैल पडतो, आणि पाऊस लागतांच चिखलणी व लावणी एकदम अंगावर येतात. दिवसभर पाण्यांत वांकून उभें राहावें लागतें. व्यायामाचें मर्म क्रमांत आहे, आणि येथें क्रमच नाहीं. मधुमेहाचें औषध वा इन्शुलिन घेऊन उपाशीं पोटीं राबणाऱ्यास साखर एकाएकीं उतरून घेरी येते. बधिर पायास चिखलांतली जखम कळतही नाहीं. लांकूड कापणें हा हेबर्डनच्या रोग्याचा उपाय होता, कारण तो अर्ध्या तासानें करवत खालीं ठेवूं शकत होता.

डॉ. बंग यांचें सारें काम अशाच खेड्यांत. म्हणून ही अपेक्षा त्यांच्याकडूनच करावयाची. त्यांच्या पुस्तकांत दिवसाची आंखणी आपल्या हातीं असलेल्या माणसाची हकीकत आहे. सुशिक्षित कुटुंबांस ती उपयोगी आहे, आणि त्यांनीं ती जरूर वाचावी. तथापि वैद्याची परवानगी घेऊन वैशाखाच्या पहांटे सपाट वाटेनें दहा मिनिटें चालावें, बोलतां येईल पण गातां येणार नाहीं इतक्याच वेगानें. दर आठवड्यास थोडें वाढवावें. छाती दाटली तर तेथेंच थांबावें. आणि लावणीच्या पहिल्या दिवशीं अर्धाच दिवस शेतांत उतरावें, इतकें सोप्या भाषेंत सांगणारी सोळा पानांची पुस्तिका कोणी लिहिली, तर ती म्हशाच्या यात्रेंत बैलबाजाराच्या कडेला बसूनही विकतां येईल.