सुरीची कसोटी आणि शब्दांची कसोटी

‘कसोटी’ हे मुळात एका दगडाचे नाव आहे. संस्कृत ‘कषपट्टिका’पासून आलेल्या या शब्दामागे सराफाच्या पेढीवरचा अनुभव उभा आहे. सोने काळ्या दगडावर घासावयाचे, उमटलेल्या रेघेवरून त्याचा कस ठरवावयाचा आणि ते जवळजवळ जसेच्या तसे मालकाच्या हाती परत द्यावयाचे, अशी ही रीत. परीक्षा होते, परंतु परीक्षिलेली वस्तू नाहीशी होत नाही. याच्या अगदी उलट प्रकारची कसोटी गेल्या काही दशकांत, मुख्यतः अमेरिकेतील, चाकूंच्या शौकिनांत रूढ झाली आहे. सुरीचे पाते ओंडक्यावर ठेवून पाठीवर सोट्याचे प्रहार करावयाचे व लाकूड फोडावयाचे. मग तिचे टोक काँक्रीटच्या ठोकळ्यात ठोकावयाचे. शेवटी पाते शेगड्यात आवळून मुठीवर लोखंडी नळी चढवावयाची आणि मोडेपर्यंत वाकवावयाचे. पाते मोडले की निर्णय तयार असतो : पोलाद कच्चे, कारागीर कच्चा. अशा निर्णयाने एकट्याने भट्टी चालविणाऱ्या कारागिराचे नाव बुडू शकते. तेव्हा हा निर्णय नेमका कशाविषयी असतो, हे पाहणे अगत्याचे ठरते. ते पाहू लागले असता असे दिसते की, येथील घोटाळा भट्टीच्याही आधी शब्दांत सुरू होतो.

या मंडळींच्या बोलण्यात ‘टफ’, ‘स्ट्राँग’ आणि ‘हार्ड’ ही इंग्रजी विशेषणे बहुधा एकमेकांच्या जागी वापरली जातात. मराठीत त्या तिघांचेही काम ‘मजबूत’ हा एक शब्द बिनतक्रार करतो. धातुशास्त्राला मात्र या ठिकाणी निदान चार गुण वेगळे करावे लागतात. पहिला काठिण्य, म्हणजे दाबाने खळगा न पडू देण्याचा गुण. तो मोजण्यासाठी ह्यू व स्टॅन्ली रॉकवेल यांनी १९१४ साली पेटंटचा अर्ज केला. त्यांच्या पद्धतीच्या ‘सी’ मापात हिऱ्याचा शंकू १५० किलोग्रॅम भाराने पोलादावर दाबून तो किती खोल जातो हे पाहतात. दुसरा गुण चिवटपणा, म्हणजे तुटण्यापूर्वी आघाताची ऊर्जा पचविण्याची शक्ती. फ्रेंच अभियंता जॉर्ज शार्पी याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत लंबकासारखा झुलणारा हातोडा नमुन्याची छोटी पट्टी तोडून पलीकडे जातो, आणि तोडताना खर्ची पडलेली ऊर्जा मोजली जाते. तिसरा गुण झिजेला तोंड देण्याचा. शेफील्ड येथील चाकू-कात्र्यांच्या धंद्याच्या संशोधनसंस्थेने रूढ केलेल्या यंत्रात पाते वाळूचा अंश मिसळलेल्या जाड कागदाच्या थप्पीवर पुढेमागे फिरते, आणि एकंदर किती कागद कापला गेला यावरून धारेचा टिकाऊपणा ठरतो. चौथा गुण ताठपणाचा. त्याचा विचार पुढे येईल.

हे चारही गुण एकाच विशेषणाने बोलले जात असले तरी पात्यात ते सख्ख्या भावांसारखे नांदत नाहीत. पोलाद तापवून पाणी दिले की ते अतिशय कठीण, पण काचेसारखे ठिसूळ होते. मग त्याला पुन्हा बेताची आच देऊन थोडे काठिण्य सोडावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात चिवटपणा मिळवावयाचा, हीच पात्याच्या उष्णसंस्काराची मुख्य कला होय. झिजेला तोंड देण्याचा गुण वाढविण्यासाठी पोलादात व्हॅनेडियमसारख्या धातूंचे अतिकठीण कार्बाइड कण निर्माण करतात. पण तेच कण आघाताच्या वेळी भेगेची सुरुवात होण्याच्या जागा बनतात. स्प्रिंगांसाठी वापरले जाणारे ‘५१६०’ हे सुमारे ०.६ टक्के कार्बन असलेले पोलाद आघात सोसते, पण त्याची धार लवकर झिजते. ‘एस-३०-व्ही’ या १४ टक्के क्रोमियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या पोलादाची धार दीर्घकाळ टिकते, पण पहिल्याइतका आघात ते सोसू शकत नाही. २०२१ साली बाजारात आलेल्या ‘मॅग्नाकट’ या पोलादात लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने क्रोमियमचे कार्बाइड टाळून चिवटपणा, झीज आणि गंज यांचा अधिक चांगला मेळ घातला, हे खरे. परंतु तोही मेळच आहे. तराजूची दांडी सुधारली. दोन्ही पारडी एकदम खाली नेण्याची युक्ती कोणाला सापडलेली नाही.

येथे ‘टफ’ या शब्दाचे दुहेरी जीवन ध्यानात घ्यावयास हवे. प्रयोगशाळेत त्याच्यापासून बनलेले नाम एका राशीचे नाव आहे : ती कमी असेल, अधिक असेल, पण नेहमी अमुक इतकी असेल. बाजारात तेच विशेषण कोणत्याही प्रसंगी न डगमगणाऱ्या माणसाच्या स्तुतीसाठी वापरले जाते. त्याला परिमाण नसते, म्हणून सीमाही नसते. शौकीन आकडा पहिल्या अर्थातून घेतो आणि अपेक्षा दुसऱ्या अर्थातून. परिणामी पात्याने अमुक आघात सोसला तर ‘याहून मोठा का नाही?’ असा प्रश्न उरतोच, आणि या प्रश्नाला कोणतेही पोलाद कधीही उत्तर देऊ शकत नाही. हा मानदंड अशक्य ठरतो तो त्यातील आकड्याच्या मोठेपणामुळे नव्हे. त्यात आकडाच नसतो.

आता वाकविण्याची चाचणी पाहावी. पोलादांचा स्थितिस्थापकतेचा गुणांक जवळजवळ सारखाच असतो; पाणी चांगले दिले वा वाईट दिले, तो फारसा बदलत नाही. म्हणून पात्याचा ताठपणा मुख्यतः त्याच्या मापांवर, आणि त्यातही जाडीच्या घनावर, अवलंबून असतो. तीन मिलिमीटर जाडीच्या पट्टीपेक्षा तेवढ्याच रुंदीची सहा मिलिमीटरची पट्टी आठपट ताठ असते. उलट वक्रता सारखी असेल तर पात्याचा बाहेरचा पृष्ठभाग किती ताणला जातो हे जाडीच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पातळ पात्याला वाकणे सोपे जाते. माशाचे काप काढण्याची लवचीक सुरी काटकोनाजवळ वाकून पुन्हा सरळ होते, आणि जाड शिकारी सुरी त्याच्या कितीतरी आधी वाकडी होऊन बसते किंवा मोडते. यावरून पहिली सुरी ‘अधिक मजबूत’ असे कोणी म्हणत नाही. मग जाडी, काठिण्य आणि वक्रता यांचा उल्लेख न करता केवळ ‘नव्वद अंशांत वाकली’ किंवा ‘मोडली’ एवढेच सांगणारे विधान नेमके काय सांगते?

वाकविणे हीच चाचणी योग्य संदर्भात कशी अर्थपूर्ण होते, याचे उदाहरण त्याच देशात आहे. विल्यम मोरान आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ साली स्थापिलेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीत ‘जर्नीमन’ ही पायरी गाठू पाहणाऱ्या लोहाराला एकाच पात्याने चार कामे करून दाखवावी लागतात. मोकळा लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात कापावयाचा. इमारती लाकडाची फळी दोनदा तोडावयाची. त्यानंतरही धारेने हातावरचे केस निघतात हे दाखवावयाचे. आणि अखेर पाते शेगड्यात धरून नव्वद अंशांत वाकवावयाचे. धारेला काही मर्यादेपर्यंत चीर गेली तर ती चालते. पाते तुटता कामा नये. येथेही सुरी नष्ट होते, पण ती कशासाठी नष्ट होते हे आधीच ठरलेले असते. धार कठीण आणि पाठ मऊ ठेवण्याची विद्या या लोहाराला अवगत आहे काय, हा तो प्रश्न. परीक्षा माणसाची आहे, आणि पाते ही त्याची उत्तरपत्रिका आहे. ग्राहकाच्या प्रत्येक सुरीने असेच वाकावे असा दावा त्यात नाही. पुढे ही परीक्षा या चौकटीतून उचलून विकत घेतलेल्या कोणत्याही सुरीवर लादली जाते, तेव्हा कृती तीच राहते, प्रश्न मात्र गळून पडतो.

वस्तूचे मूल्यमापन तिच्या कार्यावरून करावे, हा विचार नवा नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस म्हणतो की, द्राक्षवेलीचे कोंब खंजिराने किंवा छिन्नीनेही कापता येतील, पण त्यासाठीच घडविलेल्या छाटणीच्या सुरीइतके चांगले दुसऱ्या कशानेही नाही. आर. एम. हेअर यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द लँग्वेज ऑफ मॉरल्स’मध्ये गिरमिटाचे उदाहरण घेऊन ‘कार्यवाचक’ शब्दांची कल्पना मांडली : ज्या शब्दाचा अर्थ पुरता सांगावयाचा तर ती वस्तू कशासाठी असते हे सांगावेच लागते, तो कार्यवाचक शब्द. मराठीतील ‘किसणी’, ‘चाळणी’ या शब्दांत तर कार्य धातुरूपानेच बसलेले आहे. ‘सुरी’ किंवा फारसीतून आलेला ‘चाकू’ यांच्या रूपात ते उघड दिसत नसले तरी अर्थात आहेच. कापणे वगळून सुरीची व्याख्या होत नाही. असे असता सुरीला कुऱ्हाडीचे, छिन्नीचे आणि पहारेचे काम सांगून तिचा कस ठरविणे म्हणजे नाम एकीचे ठेवून अर्थ दुसरीचा लावणे होय.

यावर पूर्वपक्ष असा मांडता येईल की, शौकिनांचा संशय निराधार नाही. ‘न तुटणारी’ असल्या विशेषणांनी जाहिराती सजवितात त्या उत्पादकांनीच ही अपेक्षा पेरली. उष्णसंस्कार बिघडलेली पाती बाजारात येतात. आणि रानात एकच हत्यार जवळ असलेल्या माणसाला थोडी राखीव शक्ती हवीच असते. हे तिन्ही मुद्दे मान्य करावे लागतात. जाहिरातीतील निरपेक्ष दाव्याला मोडलेले पाते दाखविणे हे तर्कदृष्ट्या चोख खंडनच आहे. परंतु त्या खंडनातून दावा खोटा ठरतो, पाते वाईट ठरत नाही. शिवाय एक पाते मोडले तर त्या एका पात्याविषयीच ज्ञान होते; इतरांविषयी अनुमान करावयाचे तर नमुने अधिक हवेत आणि पोलाद, जाडी, काठिण्य व धारेचा कोन यांची नोंद हवी. आणि जे पाते साऱ्या परीक्षांत उत्तीर्ण झाले ते आता सुरी म्हणून उरलेले नसते, तर खिशात असलेल्या सुरीची परीक्षा कधी झालेलीच नसते.

या गोंधळाची किंमत अखेर कापणाऱ्या हाताला मोजावी लागते. मोडण्याच्या अपकीर्तीला भिणारा कारागीर पाते जाड करतो, धारेचा कोन वाढवितो, काठिण्य उतरवितो. अशी सुरी काँक्रीटमध्ये टिकते. पण कांद्यात शिरताना तो चिरण्याऐवजी फोडते, आणि दोर कापण्यास दुप्पट जोर मागते. चाचणीच्या अहवालात या दोषाला जागा नसते, कारण तो प्रश्न कोणी विचारलेला नसतो. तेव्हा परीक्षकाने शेगडा आवळण्यापूर्वी एवढे तरी लिहून ठेवावे : कोणत्या गुणाची परीक्षा आहे, किती मर्यादेपर्यंत आहे, आणि त्या सुरीच्या कोणत्या कामाशी तिचा संबंध आहे. या तीन ओळी लिहिता येत नसतील, तर पाते मोडू नये.